दुसरा बुधवार

दारव्ह्याची एसटी साडेदहाला फाट्यावर सोडते.
खोब्रागडे मॅडम तिथून दीड किलोमीटर
धुऱ्याधुऱ्यानं चालत आल्या,
चपलेची काळी माती शाळेच्या पायरीवर खरडली
आणि म्हणाल्या, पोराला मग भेटते,
आधी त्याच्या वह्या दाखवा.

मंथन ढोके, इयत्ता चौथी.
वहीत त्याच्या शिसपेन्सिलीपेक्षा माझी लाल शाई जास्त.
मला वाटलं होतं, त्याला तपासतील.
तासभर त्या माझ्याच खुणा तपासत बसल्या.

"'पानी'वर काट. 'डोया'वर काट. 'शाया'वर काट.
बाई, हे तर घरी सगळेच असं बोलतात.
हे बाजूला ठेवू.
आता हे बघा, 'रस'चं 'सर'.
घ आणि ध दर ओळीत जागा बदलतात,
पान संपत येतं तसे जास्तच.
आणि हा एक शब्द: 'कमळ'चं 'मकय'.
यातला य गावाचा आहे.
क आणि म उलटे झाले, तेवढंच त्याचं दुखणं."

मी त्या 'मकय'कडे बघत राहिले.
माझी आई शेवटपर्यंत 'डोया'च म्हणाली.
डी.एड.ला अमरावतीला गेले तेव्हा
तो शब्द मी तोंडातून काढून टाकला होता,
दातात अडकलेली काडी काढावी तसा.

भिंतीपलीकडे खिचडीचा गंज.
तिथं शीला, मंथनची आई.
तीन वर्षं तिनं भिंतीतून ऐकलं:
ढोके, उभा राहा. ढोके, वाच.
मग वर्गाचं हसणं.
मी 'ढोके' म्हटलं की पलीकडचा झारा थांबायचा.
मला वाटायचं, खिचडी शिजली.

मॅडमनी फार काही लिहून दिलं नाही.
रोज पंधरा मिनिटं.
चारचौघांत उभं करून वाचायला लावायचं नाही.
परातीत पीठ पसरायचं, बोटानं अक्षर, तोंडानं आवाज,
दोन्ही एकदम. आणि दिवसाला अक्षर एकच.
"आणि त्याला काय येतं ते तोंडी विचारा कधीतरी."

विचारलं.
बापाच्या वायंडिंगच्या दुकानात
कोणत्या मोटरला किती फेरे,
तार जळायच्या आधी वास कसा बदलतो,
घंटा झाली तरी सांगतच होता.
माझ्या घरची मोटर दोनदा जळली आहे,
मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

परात शीलानंच आणून दिली. जवारीचं पीठही.
पदराला हात पुसत दारातच उभी राहिली.
"माह्यावरच गेला तो.
मलेबी अक्षरं दिसली का पयाचीच.
मास्तर म्हने, ढोरं राख.
मंग चौथीतूनच गेली मी."
यावर मॅडम काहीच बोलल्या नाहीत.
थोड्या वेळानं प्यायला मागितलं.
'पानी' म्हणाल्या. बहुधा सहजच.

चमत्कार वगैरे झालेला नाही.
यवतमाळच्या दाखल्याची तारीख दोनदा पुढे गेली.
सोमवारी वाचलेलं 'कमळ' मंगळवारी परकं होतं.
घ अजून ध होतो.
हेडसर विचारतात, एका पोरामागे किती दिवस?
पण पान संपत आलं की तो आता थांबतो,
पेन्सिल खाली ठेवतो, बोटं मोडतो,
पुन्हा उचलतो.

काल चार वाजता कुलूप लावायला
खिचडीच्या खोलीत गेले.
गंज घासून उपडा घातलेला.
परात मात्र पिठासकट ओट्यावर,
आणि पिठात एक ळ.
मंथनचं बोट एवढं रुंद नाही.
पहिला वेढा नीट,
दुसरा चुकलेला, तळव्यानं पुसून
पुन्हा काढलेला.

खिडकीतून वारा येत होता.
खिडकी लावून घेतली.
दुसऱ्या बुधवारला अजून नऊ दिवस आहेत.