आधण

डॉक्टर इन्साफ पडद्यावर बोट टेकवतात:
हा बघा, शहाता काका, अठ्ठावीस मिलिमीटर.
मला दिसतो पिठातला खडा,
चाळणीतून निसटलेला.

बरगड्यांच्या मधून सुई जाईल, म्हणतात,
टोकाशी उष्णता. जाळ नाही, धूर नाही.
मायक्रोवेव्हच तो, घरातल्यासारखा.
मी हसलो तर कुशीत कळ आली.
सुनेनं आणलंय ते यंत्र,
आणि मी तिला शपथ घातलीय
की माझी भाकरी त्यात जाणार नाही.
चाळीस वर्षं मन्सूराच्या भट्टीपुढे उभा आहे मी;
शिळ्याला ताजं म्हणवणाऱ्या आगीशी
माझं कधी पटलं नाही.

आता तीच काळजात घ्यायची.

आई हाक मारायची, ‘ये रे माझ्या काळजा’,
आणि कालव्यात डुंबून आलो म्हणून
त्याच हातानं धपाटा.
त्या वर्षी अख्ख्या शाळेची लघवी लाल झाली.
मग पांढऱ्या डगल्यातला माणूस आला.
रांग लागली, बाह्या वर.
माझ्यापुढे बुलुस, त्याच्यापुढे रमदान,
काचेची एकच सिरिंज,
शेजारी स्टोव्हवर पातेलं.

मी भट्टीवाल्याचा पोर,
पाणी कधी बोलायला लागतं मला ठाऊक होतं.
ते बोललं नव्हतं अजून.
बुडाशी चार बुडबुडे, तेवढंच.
सुया बुडाल्या, सुया निघाल्या.
त्या माणसाला पुढचं गाव गाठायचं होतं.
वाईट नव्हता तो. खडीसाखर द्यायचा.

रमदान गेला, पोटात पाणी होऊन.
बुलुस गेला रक्त ओकत, ऐन लग्नसराईत.

आणि माझं ते आधण
साठ वर्षं उशिरानं येतंय,
सुईतूनच.

अर्धी गुंगी. श्वास धरा. धरला.
पडद्यावर पांढरा फेस उठतो,
दूध उतू जावं तसा.
काठही भाजायला हवा, इन्साफ सांगतायत कुणाला तरी,
भोवतीचं चांगलं मांससुद्धा, अर्धा सेंटीमीटर.
हे मात्र मला शिकवायला नको.
कच्च्या काठाची भाकरी एकदा खपते.

दुखला तो उजवा खांदा,
फळ्या वाहणारा.
कुठे भाजलं, कुठे कळलं.

महिन्यानं नव्या फोटोत
एक काळं भोक, निवलेल्या भट्टीच्या तोंडासारखं.
मेलं ते, इन्साफ म्हणाल्या,
आणि त्यांचं बोट जरा डावीकडे सरकलं.
आठ मिलिमीटर.
याला तीन महिने बघू.

बसमध्ये नगात काही बोलली नाही.
घरी येऊन तिनं चहाला पाणी ठेवलं,
मी स्टोव्हपाशी जाऊन उभा राहिलो.
झालं की, म्हणाली, पत्ती टाकू?
थांब, म्हटलं.
बोलू दे त्याला.