उकळू देऊ नको

सोयाबीन मागितलं तेव्हा दुकानातला नरसय्या हसला.
"कोंबड्या पाळल्या काय, अक्का?"
बार्शीच्या आडतीत पोत्यांनी पडतं ते.
तेल गिरणीला, पेंड जनावरांना,
दाणा म्हणून कोण नेतं घरी?
मी म्हटलं, पावशेर दे. पोरीनं सांगितलंय.

नळ आला त्या रात्री भिजत घातलं.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
स्वयंपाकाचं पंचांग त्यावरच.
गोल निजलेले दाणे सकाळी लांबट होऊन उठले.
रजिता एका उन्हाळ्यात अशीच वाढली होती,
सगळे परकर आखूड करून.

पार्सलात तीन वस्तू.
एक काळी पट्टी, चिवट, वर पांढरी भुकटी.
धुवायला निघाले तर फोनमधून ओरडली,
"अम्मा, धुऊ नको, तीच तर चव!"
समुद्रातलं शेवाळ म्हणे.
यांनी दोन्ही हातांत धरून ताणून पाहिलं,
बत्तीस वर्षं मागावर जॉबर होते,
म्हणाले, "लूमचा पट्टा पाठवलाय पोरीनं."
दुसरी, वाळलेली अळंबी.
तिसरा एक डबा. झाकण काढलं
आणि खोलीभर आंबिलीचा वास,
मागून थोडा ओल्या पोत्याचा.
"शिळं झालंय गं हे."
"दोन वर्षांचं आहे," ती म्हणाली,
लग्नातलं सोनं दाखवावं तशी.
मिसो. कशाचं? तर सोयाबीनचंच.

कृती एका म्हातारीची आहे, फुमिए नावाची.
रजिता तिला न्हाऊ घालते, केस पुसते, भरवते.
इमाबारीत टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेला बाईचा,
आता बोलणं जवळजवळ संपलंय.
मीठ किती, तर तळहाताचा खळगा दाखवते.
एकदा न्हाणं झाल्यावर रजितानं
आपला सोलापुरी टॉवेल पुढे केला.
म्हातारीनं अंगठ्यानं कड चाचपली,
फासे मोजत गेली, मोजत गेली,
आणि दोन बोटं वर केली.
तिथं कुणालाच कळेना.
इथं यांना ताबडतोब कळलं.
"दोन नंबरचा माल," हे म्हणाले, खाली बघत.
"एक्स्पोर्टातून परत आलेलाच दिला होता मी तिला."

कुकर नाही लावायचा. मंद आच, जाड बुडाचं पातेलं.
पट्टी आणि अळंबी भिजवलेलं पाणीच त्यात, गाजर, बटाटा.
शेजारच्या कारखान्यात माग खटाखट चाललेले,
आणि माझ्या पातेल्यात दर थोड्या वेळानं एकच बुडबुडा.
तीन तास.
लसूण नाही, जिरं नाही, हळद नाही.
हात दोनदा मिसळणाच्या डब्याकडे गेला,
दोनदा आणला मागे.

"आता गॅस बंद कर. मिसो वाटीत कालवून मग घाल.
उकळू देऊ नको, अम्मा. जिवंत असतं ते."

न उकळता मी आजवर काही वाढलेलं नाही.
दूध, चहा, आमटी, तापात प्यायचं पाणी.
पण जिवंत म्हटल्यावर पळी थांबली.
कढत दुधात विरजण कोण टाकतं?
एवढं साधं होतं तर विरजण म्हणायचं की,
उगाच जपानी कशाला.

कडक भाकरी चुरून, वर ते ओतलं.
पहिल्या घासाला हे गप्प.
दुसऱ्याला, "तिखट कुठाय?"
शेंगाचटणीचा डबा स्वतःच ओढला,
चिमूट नाही, मूठ टाकली,
मग ताट तीनदा पुढे केलं.
चटणीचं रजिताला कळवलेलं नाही.

रात्री लोखंडी कपाटाची करकर ऐकू आली.
पोरीच्या लग्नासाठी जपलेल्या गठ्ठ्यातून
यांनी एक टॉवेल काढला, चॉकलेटी काठाचा.
दिव्याखाली धरून कडेवर अंगठा फिरवला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.
"उद्या पोस्टात टाकू," म्हणाले.
"आणि तिला विचारायला सांग,
आता किती बोटं."