शिजवण

मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये एक प्रेशर कुकर आहे,
त्यात आजवर भात शिजलेला नाही.
त्यात काचा शिजतात.
काचांवर माणसांच्या कातडीचे काप,
मेणासकट तासलेले, सायीहून पातळ.

ब्लॉक नंबर चारशे बारा. गौरव्वा बिराजदार, जत.
डाव्या गालावर गाठ, जांभळट, सुपारीएवढी, न दुखणारी.
बाटलीत फॉर्मॅलिन चमचाभर,
तीही दोन दिवसांनी पोचलेली.

निळ्या-गुलाबी रंगात या सगळ्या गाठी बहिणी दिसतात:
बारक्या, गोल, काळपट पेशी, दाटीवाटीनं.
कोण कुठली, ते तपकिरी रंगानं सांगायचं असतं.
आणि तपकिरी रंग काही बोलेना.
पहिल्यांदा काच कोरी.
दुसऱ्यांदा सगळीच मळकी, चहा सांडल्यासारखी.
तिसऱ्यांदा काप काचेवरून सुटला,
बेसिनमध्ये गेला,
मी जाळीपाशी वाकून बघत राहिले, उगाच.
"दोन-चार कापांपुरतंच उरलंय, जुबेदा,"
रेठरेकर मॅडम एवढंच म्हणाल्या.

मुलगा चौथ्यांदा आला. सांगलीच्या यार्डात हळदीचं काम,
तळहाताच्या रेषा पिवळ्या,
रजिस्टरवर सही करताना अंगठा उमटला तोही पिवळा.
म्हटलं, रंग बसत नाहीये.
त्यानं जरा विचार केला.
"शिजवण कच्ची राहिली असंल, मॅडम.
कंद नीट उकडला न्हाई
तर वरनं कितीबी घासा, आतनं रंग येत न्हाई.
पाणीबी बघा. पाण्यावर असतंय."

मला हसू आलं.
मग आलं नाही.

त्या रात्री पाणी बदललं.
आंबट ओतून दिलं, नऊ पीएचचं घेतलं,
वीस मिनिटं, गॅस बारीक,
काचा लेप दिलेल्या, निववायची घाई नाही.
वहीत लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

साडेअकराला, भिंगाखाली,
प्रत्येक केंद्रकाच्या कुशीला एकेक ठिपका,
तपकिरी, नेमका,
पिकल्या जोंधळ्याच्या बुडाशी असतो
तसा काळा डोळा.
मर्केल पेशींचा कॅन्सर.
बारा वर्षांत मी पुस्तकाबाहेर पाहिला नव्हता.

"आला!" मी ओरडले. लॅबमध्ये एकटीच.
कुकर अजून गरम होता.
रजिस्टर मिटायला घेतलं
तर चारशे बाराच्या ओळीत तो अंगठा.

सकाळी तो येईल,
विचारेल, रंग आला का,
आणि मला हो म्हणावं लागेल.