मधल्या रकान्यातला ळ

आत्या प्रत्येक लग्नात विचारते,
वेबसाइटी करतेस म्हणे, मग दाखव की एखादी.
दाखवू काय?
पडदा, चित्रं, बटणाचा निळा रंग परागचा.
बटण दाबल्यावर मागं जिथं जातं
तिथलं माझं.
परसातल्या मोरीगत,
तुंबल्याशिवाय कुणाला आठवत नाही.

टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ
कुंद्याच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली दिवसभर दूध आटतं,
वर आम्ही.

मार्चअखेरीला खानापूरच्या एका पतसंस्थेचं काम आलं.
चौदा हजार तीनशे बारा सभासद,
खातेवह्या निम्म्या मराठीत, निम्म्या कन्नडात,
कारकून बदलला की लिपी बदललेली.
आणि मधे कधीतरी कुणीतरी
सगळं इंग्रजी रकान्यात उतरवलेलं,
स्वस्तात, घाईत.

तिथं भेटली
कमळाबाई नागाप्पा गुंजीकर.
मग कमळव्वा गुंजी.
मग एन. कमला.
तीन खाती, तीन शिल्लका,
एकीचीही पुरेशी नाही.
शिलाई मशीनचा अर्ज दोनदा परत.

नुसतं जुळवून टाकता आलं असतं, चार ओळींचा कोड.
खरं दोन गुंजीकर खरंच दोन असू शकतात.
म्हणून महांतेश कन्नड वाचत गेला, मी मराठी,
मोठ्यानं, जुने अर्ज पुढ्यात घेऊन.
तो म्हणाला कमळव्वा,
मी म्हटलं कमळाबाई,
दोघांचीही जीभ मागं वळून
टाळूला त्याच जागी लागली.
तेव्हा कळलं बग कुठं आहे.
ळ त्याच्याकडं आहे, माझ्याकडं आहे,
मधल्या रकान्यात नव्हता.
तिथून जाताना
कमळाचं कमल झालं, माळ्याचा माली,
काळूबाई कालूबाई होऊन बाहेर पडली.
पाट्यांना काळं फासणाऱ्यांना हे सांगावं वाटलं.
सांगितलं नाही.
डेडलाइन होती.

तिन्ही अर्जांवर अंगठा एकच,
मधोमध जुन्या कापल्याची तिरकी रेघ.

रात्री दोनला सुरू केलं.
आधी बॅकअप. मग तो उघडून बघणं,
न उघडलेला बॅकअप म्हणजे बरणीवर नुसती तारीख,
आत लोणचं की बुरशी कोण सांगणार.
मग ट्रान्झॅक्शन.
होईल तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही.
या खात्यातून उचललेले पैसे त्या खात्यात टेकेपर्यंत
हवेत राहू नयेत,
माझ्या हातात तर नाहीच नाही.

चार हजाराव्या नोंदीवर करंट गेला.
राऊटरचा हिरवा दिवा गेला.
महांतेश म्हणाला, अय्यो देवरे.
मी म्हटलं, रोलबॅक.
अंधारात बसलो, खालून वेलचीचा वास.
दिवा आल्यावर मोजलं,
एक पैसा जागचा हललेला नव्हता.
पुन्हा पहिल्यापासून.

संस्थेचं पत्र होतं, एक खातं, एक नाव.
कुठलं ठेवू?
महांतेशनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं,
आणि एक नवीन टेबल बांधलं,
माणसाला जितकी नावं पडली तितक्या ओळींचं.
काहीच पुसलं नाही.
एन. कमलासुद्धा राहिली,
कुणाच्या तरी घाईनं दिलेली,
खरं इतकी वर्षं त्याच नावानं तिनं पैसे भरलेत.

सोमवारी लॉग उघडला.
दहा वाजून बारा मिनिटं. शोध: कमळ. सापडले: एक.
दुपारी खानापूरचा फोन आला, प्रिंटरबद्दल.
बोलता बोलता काउंटरवरचा म्हणाला,
गुंजीची एक मावशी आलती सकाळी,
म्हणत होती, आज लवकर कसं काय झालं?
मग तुम्ही काय सांगितलं?
काय सांगणार, म्हटलं,
नेट बरं आहे आज.