अतिमंद, पुढे

रात्रभर पेनासच्या आखाताने जहाजाला झोपू दिलं नाही.
पहाटे पाचला आत शिरलो, डोंगरांच्या मधल्या पाण्यात,
तेव्हा कॉफीचे कप पहिल्यांदा आपापल्या बशीत टेकले
आणि डच कप्तान म्हणाला, "आता तुमचं राज्य, एवारिस्तो."

माझं कसलं राज्य.
मी वाटाड्या. सुकाणूला हात न लावता
नुसता बोलतो: डावीकडे पाच. सरळ. असंच धर.
माझ्या बोलण्यावर सात मजले वळतात,
पोहण्याचा तलाव वळतो,
रात्रीच्या जेवणाचे दोनशे कोबीचे गड्डे वळतात,
आणि एक पियानो, खांबाला दोरीने बांधलेला.

दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यात उतरतात,
पाय भिजवण्यापुरताही किनारा ठेवत नाहीत.
झाडं अशी एकमेकांना धरून
की एक सुटलं तर शेजारच्यालाही घेऊन जाईल.
सकाळी एक बाई धबधबे मोजत होती;
चाळीसनंतर तिने पेन मिटलं.
पावसाचं काय सांगू, तो इथे नांदतो.

सव्वाबाराला अरुंद जागा.
भरती दमलेली, ओहोटी अजून उठलेली नाही,
त्या मधल्या वेळात जहाज काढायचं.
सुईत दोरा ओवताना जीभ दाताखाली जाते ना,
तसा ब्रिजवर सगळ्यांचा श्वास.
फांदीवरचं शेवाळ दिसावं इतकं बेट जवळ आलं.
डेकवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वळण संपलं, आणि मी म्हणालो:
"अतिमंद, पुढे."

कप्तानाने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
खोली भरपूर. रुंदी भरपूर. आडवं काही नाही.
"हिमनदीला उशीर होईल."
"होईल," मी म्हणालो.

लाऊडस्पीकरवर एक गोड आवाज:
आपणा सर्वांना निसर्गाचा मनसोक्त आस्वाद घेता यावा म्हणून...
कॅमेरे वर झाले.

उजव्या हाताला एदेन.
लाकडी पायवाटेला धरून बसलेली घरं.
रस्ता नाही, म्हणून गाडी नाही, म्हणून हॉर्न नाही,
कुत्री मात्र पुष्कळ.
एका शेडमधून धूर, त्यावर टांगलेल्या शिंपल्यांच्या माळा,
आणि धक्क्याला एकाच दोरीने बांधलेल्या आठ होड्या.

तीन वर्षांपूर्वी असंच एक पांढरं जहाज
चौदा नॉटनी गेलं इथून, बँड लावून.
ते दिसेनासं झालं, आणि मग त्याची लाट आली.
दोमितिला मावशी धक्क्यावर मासे साफ करत होती.
होडी उचलली गेली, फळीवर आपटली,
बरगडी मोडली. होडीची.
मावशीची मोडली ते दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या जहाजावर वाटाड्या कोण होता
हे तिने मला कधी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
गेल्या नाताळात तिने लव्हाळ्याची टोपली दिली,
एवढीशी, मुठीत मावणारी.
म्हणाली, प्रवाशांना विकते त्यातली नव्हे ही,
घट्ट विणलीय, पाणी ओतून बघ.
अजून ओतलेलं नाही.

आज सहा नॉट. मग चार.
लाट इतकी बारीक की होड्यांनी फक्त माना हलवल्या,
वाटेत ओळखीचं माणूस भेटल्यावर हलवतात तशा.
धक्क्यावर जांभळ्या स्वेटरात कुणीतरी उभं होतं.
दुर्बीण माझ्या गळ्यात होती. डोळ्यांना लावली नाही.
प्रवासी हात हलवत होते, पोरांना हलवावेत तसे.
तिकडून बादली उलटी झाली,
पाणी समुद्रात गेलं,
दार लागलं.

संध्याकाळी कप्तानाने नोंदवही पुढे केली.
वेग कमी केला: बारा एकावन्न ते एक वीस.
कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, निसर्गदृश्य.
मी खाली सही केली.