बासष्ट मैल

लॅथ्रप ते डनमोर बासष्ट मैल.
तीस वर्षं मी ते पिवळ्या बसच्या चाकांनी मोजलेत.
मागे चाळीस पोरं, तोंडाला निळा रंग फासलेली,
बाहेर कापणी उरकलेल्या गव्हाच्या टेकड्या,
नुकती हजामत केल्यासारख्या.
पूल ओलांडला की मी हॉर्न द्यायचो.
ती शिवीच होती. पलीकडे सगळ्यांना कळायची.

आम्ही खेचरं, ते बगळे.
ही नावं कुणी ठेवली देव जाणे,
पण बगळा दिसला की अजून माझी मूठ वळते,
बिचारा तळ्याकाठी मासे धरत असला तरी.

माझ्या बहिणीनं बगळ्याशीच लग्न केलं.
थेन क्रॉफ्ट्स, दातांचा डॉक्टर.
केक कापायच्या आधीच पैज लागली:
जो हरेल त्यानं आपल्या कोठाराच्या दाराला
जिंकणाऱ्याचा रंग द्यायचा, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.
थेनकडे कोठार नव्हतं.
गॅरेजचं दार चालेल, मी म्हटलं.

एकेचाळीस नोव्हेंबर.
माझ्या दारावर कुत्र्यानं एका जागी खरवडलंय, तिथं बघा:
जांभळा, खाली निळा, मग जांभळा, जांभळा,
आणि चौऱ्याण्णवचा तो पातळ जांभळा,
चेंडू रेषेबाहेर होता, मी या डोळ्यांनी पाहिला होता,
म्हणून रंगात मुद्दाम थिनर जास्त ओतलं होतं.
सगळ्यात आत लाकूड.
ते कुणाच्याच बाजूचं नाही.

मार्चमध्ये बातमी आली. डनमोर चाललं.
मोठी कॉन्फरन्स, मोठे पैसे, करार तातडीचा.
टीव्हीवाल्यांनी म्हणे टेबलावर नकाशा पसरला,
आणि आमची नदी कुणाच्या तरी कपाखाली झाकली गेली.
आता डनमोरच्या शेजारी समुद्र आहे, तोही भलत्याच बाजूचा.
त्यांच्या व्हॉलीबॉलच्या पोरी मंगळवारी रात्री
तीन टाइम झोन उडून परत येणार
आणि बुधवारी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर देणार.
मी म्हटलं, जा, पीडा गेली.
तीनदा म्हटलं.
लोर्ना फोनवर गप्पच होती.

त्याआधीच्या नोव्हेंबरात आम्ही हरलो होतो, सतरा-वीस.
तो शेवटचा आहे हे ठाऊक असतं
तर पार्किंगमधून निघायची एवढी घाई केली नसती.

यंदा त्या शनिवारी मला काही कामच नव्हतं.
एकटाच गाडी घेऊन निघालो.
पूल आला. हॉर्न दिला.
कुणी वळूनही पाहिलं नाही.

थेन सकाळी नऊलाच टीव्हीसमोर, तिकडे दुपार झालेली.
जांभळी टोपी, मांडीवर शेंगदाणे.
समोरचा संघ लाल-करडा, नाव मला वाचून घ्यावं लागलं.
डनमोर एकतीस-शून्य मागे.
माझ्या आतल्या खेचरानं लाथा झाडायला हव्या होत्या.
ते नुसतं उभं राहिलं.
थेन म्हणाला, "वेंडेल, मला यांना शिव्याच सुचत नाहीत रे.
यांच्यातल्या एकाचाही दात मी कधी काढलेला नाही."

बांधाला बांध लागल्याशिवाय वैर होत नाही.
वैराला ये-जा लागते,
एकच पेट्रोल पंप लागतो,
रंगाचं एकच दुकान, आणि त्याचा मालक
जो डबा देताना डोळा मारतो.

हाफटाइमला त्यानं टीव्ही बंद केला.
"चौऱ्याण्णवला चेंडू आत होता," तो म्हणाला.
"बाहेर होता, आंधळ्या."
"आत."
लोर्ना स्वयंपाकघरातून ओरडली, सूप निवतंय.
पाऊण तास भांडलो. घसा बसला.
फार बरं वाटलं.

घरी पोचायला अंधार झाला.
दार अजून जांभळंच.
पुढच्या नोव्हेंबरपर्यंत, असा नियम होता,
आणि हा नोव्हेंबर तर सरत आलाय.
निळ्याचा डबा उघडला. वर साय धरलेली.
काडीनं फोडली, ढवळलं, ब्रशही शोधला.
मग झाकण परत ठोकून बसवलं.
न जिंकता कसा लावू?