सत्तर बार

पिवळी बाटली, तीन लिटरची.
सुन्निवा ती डाव्या कुशीला अडकवते,
लहानपणी मांजर काखेत मारून फिरायची तशी:
बघायचं नाही तिच्याकडे, सोडायचंही नाही.

आमच्या वेळी हे नव्हतं.
पाठीवर एक सिलिंडर, कमरेला शिसं,
आणि उतरण्याआधी कॉफीचा शेवटचा घोट.
हवा संपली की वर यायचं. झालं.
म्हणून पहिल्या दिवशी मी हसलो होतो.
एवढंसं बाळ कशाला नेतेस पाण्यात, म्हटलं.
"आणि वर येता आलं नाही तर?"
मी दोराची गाठ सोडवत होतो.
ओद्वारचं नाव
दोघांपैकी कुणीच घेतलं नाही.

फ्रोयाच्या पश्चिमेला समुद्रात खडक सांडलेत,
कुणाच्या तरी हातून ताट निसटावं तसे.
तिथं ती एकटी उतरते, बावीस मीटर,
हातानं वेचते शिंपले, एकेक, थाळीएवढे.
मी वर. इंजिन बंद.
बुडबुडे बघत बसणं एवढंच माझं काम,
सत्तरीच्या गुडघ्यांना झेपेल असं.
बुडबुड्यांची भाषा मला येते,
असा माझा समज.

फेब्रुवारीतला मंगळवार. पाणी चार अंश.
उजव्या अंगाला समुद्र एकदम उकळल्यासारखा झाला.
फुग्यात हवा भरत असेल, म्हटलं,
पोतं धाडतेय वर.
आकडा घेऊन वाकून उभा राहिलो.
पोतं आलं नाही.
बऱ्याच वेळानं तिचा पिवळा हात दिसला दोरावर,
पाच मीटर खाली.
थांबली तिथं तीन मिनिटं, नियमाप्रमाणे, अगदी शांत.
मग शिडी. मग मुखवटा काढून:
"आज माल नाही फारसा. सूप उरलंय?"
उरलं होतं. दोन वाट्या प्यायली.
खाताना ती बोलत नाही,
आईवर गेलीय.

संध्याकाळी शेडमध्ये सामान गोड्या पाण्यानं धुतो मी.
मोठी टाकी रिकामी. पार रिकामी, काटा शून्याला टेकलेला.
पिवळी उचलली, सवयीनं पाहिलं.
एकशे तीस.

सकाळी दोनशे होते. मीच पाहिले होते.

नळ वाहत राहिला.
गोठला असणार रेग्युलेटर, उघडाच राहिला असणार,
सगळी हवा भसाभसा वर,
आणि मी आकडा घेऊन उभा,
शिंपल्यांची वाट बघत.

सत्तर बार म्हणजे दोनशे दहा लिटर.
घाबरलेल्या माणसाला त्या खोलीवर दीड मिनिटाचे.
न घाबरलेल्याला वर येण्यापुरते,
आणि दोराला धरून तीन मिनिटं
बापाला काही कळू न देण्यापुरते.

आत जाऊन विचारावं, असं वाटलं.
खिडकीत दिवा होता. ती बुटांना तेल लावत होती.
मी कॉम्प्रेसर सुरू केला.

भरताना बाटली गरम होते.
तळहात ठेवून उभा राहिलो,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
दोनशेपर्यंत.
मग हवा जराही गळू नये म्हणून
झडप इतकी आवळली, की मनगट दुखलं.

सकाळी तिनं ती उचलली.
काट्याकडे पाहिलं,
नेहमीपेक्षा एक श्वास जास्त.
झडप उघडेना. दोन्ही हात लावावे लागले तिला.
मी थर्मासचं झाकण शोधत होतो,
झाकण माझ्या हातातच होतं.

खाडीबाहेर पडल्यावर म्हटलं,
याच्याहून मोठी मिळते का गं?
"मिळते. जड असते."
असू दे, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
पुढ्यात वारा वाढत होता,
आणि तिनं पट्टा एक घर घट्ट केला.